सूत्राचं नाव फुटू नये म्हणून काय काय करायचं: बेळगाव सीमाभागातल्या नवीन बातमीदारांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात नुकतेच बातमीदारीला लागलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. कुणी पेपरचा तालुका वार्ताहर असाल, कुणी स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवत असाल, बरेचजण दोन्ही करता. आज ना उद्या पंचायतीतला, तहसीलदार ऑफिसातला नाहीतर साखर कारखान्यातला कुणीतरी तुम्हाला बाजूला घेऊन म्हणणार, "ताई, कागद देतो, पण माझं नाव कुठं यायचं नाही हं." आपण लगेच "काळजीच करू नका" म्हणून मोकळे होतो, आणि पुढं नेमकं काय करायचं ते कुणी सांगितलेलंच नसतं. सीनियर लोक आपापल्या गडबडीत असतात, कोर्समधे शिकवतात ते सगळं तत्त्व म्हणून.

या कामात राहून माझं पक्कं मत झालंय की सूत्राचं नाव कोर्टात क्वचित फुटतं. ते फुटतं कॉल लिस्टमधून, फोटोतून, बातमीतल्या एखाद्या नको त्या शब्दातून, आणि बातमी छापून आल्यावर आपण कट्ट्यावर जे बोलतो त्यातून. आपल्या भागात तर हे जास्तच जपावं लागतं. एकतर इथं सगळे एकमेकांना ओळखतात, कुणाची बहीण कुठल्या गल्लीत दिली तेही माहीत असतं. दुसरं म्हणजे मराठी माणूस कर्नाटक सरकारच्या नोकरीत आहे आणि त्यानं मराठी पेपरला कागद दिला असं कळलं की रस्त्याचे पैसे कुणी खाल्ले हा प्रश्न बाजूलाच पडतो आणि प्रकरण मराठी-कन्नडचं होऊन बसतं. पैसे खाणारा निवांत सुटतो, कागद देणाऱ्याची बदली लांब कुठंतरी होते. कन्नड भाषिक कर्मचारी आपल्याला कागद देतो तेव्हा त्याच्या बाबतीतही हेच उलट बाजूनं होतं, त्याचेच लोक त्याला "तिकडचा" म्हणतात. म्हणून पहिल्या फोनच्या आधीपासून काळजी घ्यायची.

हाताशी काय हवं

- फक्त याच कामाची एक वेगळी वही, जी ऑफिसात ठेवायची नाही
- फोनला किमान सहा आकडी, जमलं तर अक्षरं मिसळलेला लांब पासकोड
- सिग्नल ॲप (व्हॉट्सॲपसारखंच मेसेजचं), तुमच्याकडं आणि समोरच्याकडंही
- एका वकिलाचा नंबर, कागदावर लिहून पाकिटात (फोन जप्त झाला तर फोनमधला नंबर काय कामाचा)
- सरकारी कन्नड नीट वाचता येणारं विश्वासातलं माणूस, तुम्हाला स्वतःला येत नसेल तर
- माहिती अधिकार अर्जासाठी १० रुपयांच्या थोड्या पोस्टल ऑर्डरी
- सुटे पैसे. हे का ते खाली येईलच

१. कायदा तुमच्या बाजूनं किती आहे ते आधी बघा

बऱ्याच नवीन लोकांचा समज असतो की पत्रकाराला सूत्राचं नाव लपवायचा कायदेशीर हक्क आहे. असा वेगळा कायदा भारतात नाही. आहे ते प्रेस कौन्सिल कायदा १९७८ चं कलम १५(२), त्यात म्हटलंय की पेपर, वृत्तसंस्था, संपादक किंवा पत्रकाराला बातमीचं मूळ सांगायला लावता येणार नाही. पण हे फक्त प्रेस कौन्सिलसमोरच्या कामकाजापुरतं आहे, पोलीस स्टेशनात किंवा कोर्टात ते दाखवून उपयोग नाही. आणि कौन्सिल छापील पेपर आणि वृत्तसंस्थांपुरती, यूट्यूब चॅनल, पोर्टल, टीव्ही तिच्यात येतच नाहीत.

१९८३ मधे विधी आयोगानं ९३ व्या अहवालात सुचवलं होतं की पुरावा कायद्यात १३२-अ असं कलम घालून पत्रकारांना संरक्षण द्या. ते कधी घातलं गेलं नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही नाही. कागद देणाऱ्यासाठी व्हिसल ब्लोअर संरक्षण कायदा २०१४ मधे झाला खरा, पण तो लागू करायची अधिसूचनाच निघाली नाही, त्यामुळं सूत्राला "तुम्हाला कायद्याचं संरक्षण आहे" असं चुकूनही सांगू नका.

बाजूनं काय आहे? सुप्रीम कोर्टानं २७ ऑक्टोबर २०२१ ला पेगासस (फोनमधे घुसून पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर) प्रकरणात साफ म्हटलं की सूत्रांचं संरक्षण ही वृत्तपत्र स्वातंत्र्याची मूलभूत अट आहे. वकिलाला हे म्हणणं पुढं मांडता येतं आणि मांडायलाच पाहिजे. पण न्यायाधीशांनी खटल्यात थेट प्रश्न विचारला तर उत्तर न देण्याचे परिणाम भोगायची तयारी आपल्यालाच ठेवावी लागते. हे माहीत असूनच शब्द द्या.

२. शब्द देण्याआधी नीट ठरवून घ्या

"नाव येणार नाही" याचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो. त्यामुळं वही उघडण्याआधी, रेकॉर्डर चालू करण्याआधी विचारायचं: काका, तुम्ही सांगताय ते छापायचं का? छापलं तर "तालुका पंचायतीतल्या एका कर्मचाऱ्यानं सांगितलं" एवढं चालेल का, की खात्याचं नावपण नको? की हे फक्त माझ्या माहितीसाठी आहे आणि मी दुसरीकडून शोधायचं? तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. "ऑफ द रेकॉर्ड" हा शब्द एकटा वापरू नका, काहीजण त्याचा अर्थ "नाव नको" असा घेतात आणि काहीजण "छापूच नको" असा.

आणि अटी आधी ठरतात. माणूस तासभर बोलून उठताना म्हणाला "हे नावानं नको हं", तर त्याला घासून विचारायचा हक्क तुम्हाला आहे, पण तो साधा माणूस असेल, मीडियाची सवय नसेल, तर त्याचं ऐका. आमदार, ठेकेदार, पक्षाचा प्रवक्ता असली मुरलेली मंडळी असतील तर वेगळं. त्यांना नाव लपवून दुसऱ्यावर चिखल उडवायचा असतो. गुप्तता ज्याला खरोखर धोका आहे त्याच्यासाठी असते, आरोप करून नामानिराळं राहायला नव्हे. विशेषतः निवडणुकीच्या आधी आणि १ नोव्हेंबरच्या (कर्नाटकचा राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस) आसपास अशा "सूत्रांचे" फोन फार येतात, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या दोन गटांत वाद असला की तर विचारूच नका.

संपादकालाही आधी विचारा: नाव तुम्हाला सांगावं लागेल का, सांगितलं तर तुम्हीही पाळणार ना? कारण शब्द तुम्ही देता आणि मोडू शकतो दुसराच. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९८२ च्या निवडणुकीत डॅन कोहेन नावाच्या माणसानं बातमीदारांकडून शब्द घेऊन कागद दिले, दोन पेपरांच्या संपादकांनी बातमीदारांचं न ऐकता त्याचं नाव छापलं आणि त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. प्रकरण १९९१ मधे तिथल्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि शेवटी पेपरांना २ लाख डॉलर भरपाई द्यावी लागली. आपल्याकडं भरपाईचं राहूदे, पण तालुक्यात एकदा नाव फुटलं की त्या खात्यातला कुणी परत तुमच्याशी बोलत नाही.

एक मोठा अपवाद लक्षात ठेवा. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पत्रकारावर पण. तिथं "कुणालाच सांगणार नाही" असा शब्द देताच येत नाही. आणि अशा बातमीत पीडित मुलाची ओळख, म्हणजे नाव, शाळा, गल्ली, आईबाप, काहीच छापायचं नाही, ते कलम २३ मधे आहे.

३. फोन आणि भेट

सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो म्हणून जरा सविस्तर.

साधा कॉल केला की कंपनीकडं नोंद राहते: कुणी कुणाला, कधी, किती वेळ, कुठल्या टॉवरवरून. बोलणं त्यात नसतं, पण चौकशी करणाऱ्याला बोलणं लागतच नाही. "बातमीच्या आदल्या रात्री या क्लार्कनं या बातमीदाराला तीन वेळा फोन केला" एवढं पुरतं. या नोंदी कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. त्यामुळं सूत्राशी नेहमीचे कॉल टाळा. एखाद्या कर्मचाऱ्याशी तुमचं एरवीही कामानिमित्त बोलणं असेल तर ते अचानक बंद पण करू नका, तेही डोळ्यावर येतं.

व्हॉट्सॲपवरचा मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही हे खरं, पण बॅकअप गूगल ड्राइव्हला जातो आणि त्याला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन तुम्ही स्वतः चालू केलं नसेल तर कुलूपच नाही. सेटिंगमधे जाऊन ते चालू करा. आलेले फोटो गॅलरीत सेव्ह होणं बंद करा, नाहीतर ते गूगल फोटोजवर जातात आणि घरातल्या टीव्हीवर स्लाइडशो मधे दिसतात. लिंक्ड डिव्हायसेस उघडून बघा, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तुमचं व्हॉट्सॲप वेब अजून उघडं असेल. लॉक स्क्रीनवर मेसेज दिसणं बंद करा, टपरीवर फोन टेबलावर ठेवलेला असतो आणि शेजारी कोण बसलंय ते आपण बघत नाही.

सिग्नल बरं, कारण ते स्वतःकडं फार काही ठेवतच नाही, आणि २०२४ पासून त्यात यूजरनेम आलंय, म्हणजे समोरच्याला नंबर न देता बोलता येतं. मेसेज आपोआप पुसले जायची मुदत पहिल्या दिवशीच लावून टाका. पण समोरचा स्क्रीनशॉट काढू शकतो हे विसरू नका, आणि सूत्राचा फोन खात्यानं दिलेला असेल तर कुठलंच ॲप उपयोगाचं नाही, त्यांना घरचा फोन वापरायला सांगा.

नंबर सेव्ह करताना "पीडीओ लीक" (पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी) असलं काही लिहू नका. हसू नका, लोक लिहितात. आणि दुसऱ्याच्या नावावरचं सिम घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, खोट्या ओळखीवर सिम घेणं हा गुन्हा आहे, सूत्र वाचवायला जाऊन तुम्हीच आत जाल.

आता भेट. आपल्याकडं एक समज आहे की कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडला जाऊन भेटलं की कर्नाटक पोलिसांचा संबंध येत नाही. टॉवरची नोंद महाराष्ट्रात पण तशीच होते, आणि गाडी घेऊन हायवेनं गेलात तर हत्तरगी आणि कोगनोळी टोलवर फास्टॅगची नोंद पडते. दोघांच्या दोन गाड्या अर्ध्या तासाच्या अंतरानं एकाच टोलवरून गेल्या तर मग काय लपलं. बसनं जा, रोख तिकीट काढा. बाई सूत्र असेल तर राज्यात शक्ती योजनेमुळं जून २०२३ पासून बसप्रवास फुकटच आहे, तिला गाडी काढायला लावू नका.

फोन दोघांनीही घरी ठेवायचा, नेहमीच्या जागी, चालू. भेटीच्या तासाला दोन फोन एकदमच बंद झाले तर ते पण नोंदीत दिसतं. चहाचे पैसे फोनपे नं देऊ नका, त्या टपरीची, त्या वेळेची नोंद तुमच्या नावावर राहते. म्हणून वर सुटे पैसे लिहिलेत. भेटायला कॅम्पातलं ठरलेलं हॉटेल, प्रेसवाले बसतात ती जागा, चन्नम्मा चौक असलं काही नको. लग्न, जत्रा, वास्तुशांत, दवाखान्यात पेशंट बघायला जाणं, जिथं दोघांनाही जायला स्वतःचं कारण आहे तिथं पाच मिनिटं बोलणं सगळ्यात सोपं पडतं. आणि डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमधे विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा तिथं कुणाला भेटू नका, पास, कॅमेरे आणि ओळखीचे डोळे, तिन्ही एका ठिकाणी.

४. कागद हातात आल्यावर

कागदाचा फोटो फॉरवर्ड करण्याआधी थांबा. मोबाइलच्या फोटोत तारीख, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर जागासुद्धा लपलेली असते. २०१२ च्या डिसेंबरात पळून गेलेल्या जॉन मॅकॅफीचा (अँटिव्हायरसवाला उद्योजक) फोटो एका मासिकानं वेबसाइटवर टाकला आणि फोटोतल्या लोकेशनवरून तो ग्वाटेमालात आहे हे जगाला कळलं. वर्डच्या फाइलमधे लेखकाचं नाव असतं, पीडीएफमधे कुठल्या मशीनवर बनली ते असतं.

पण त्याहून मोठा धोका कागदावर उघड्या डोळ्यांनी दिसतो. आवक क्रमांक, कोपऱ्यातली सही, पेनानं मारलेली खूण, पिनेची भोकं, झेरॉक्सवर आलेली काळी रेघ. ऑफिसात ज्याच्या टेबलावर ती प्रत होती तो एका नजरेत ओळखतो. अमेरिकेत २०१७ मधे रिअॅलिटी विनर (हे कागद देणाऱ्या बाईचं नाव) प्रकरणात बातमीदारांनी कागदाची प्रत खात्री करायला सरकारलाच दाखवली, तो कागद घडी घातलेला म्हणजे छापून बाहेर नेलेला दिसत होता, कुणी कुणी प्रिंट काढली ते खात्यानं तपासलं तर सहाच लोक निघाले, आणि त्यातल्या एकीच्याच कॉम्प्युटरवरून त्या वेबसाइटला मेल गेलेला होता. ती तुरुंगात गेली. तिथं रंगीत प्रिंटर कागदावर डोळ्याला न दिसणारे पिवळे ठिपके छापतो हेही तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं.

म्हणून मूळ प्रत छापू नका, यूट्यूबवर हातात धरून दाखवू तर अजिबात नका. आकडे, तारखा, ठराव काय झाला ते स्वतःच्या शब्दांत लिहा. खात्याची बाजू विचारताना पण "हा कागद तुमचाच का" असं म्हणून प्रत पुढं करू नका, प्रश्न विचारा: अमुक रस्त्याचं बिल काम न होताच पास झालं का? आणि सूत्राकडून कागद घेतानाच विचारा, ही प्रत अजून किती जणांकडं आहे? उत्तर "माझ्याकडंच" असेल तर तो कागद थेट वापरायचाच नाही, पाचवी पायरी करायची.

५. त्याच माहितीला दुसरा रस्ता तयार करा

माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नवीन लोक घाईत नेमकं हेच सोडतात. सूत्रानं दिशा दाखवली की ती गोष्ट उघड कागदांतून सापडते का ते बघायचं. टेंडरं राज्याच्या ई-खरेदी पोर्टलवर असतात, रोजगार हमीची हजेरीपत्रकं ऑनलाइन बघता येतात, जमिनीचा उतारा "भूमी" या राज्याच्या जमीन-नोंदीच्या पोर्टलवर मिळतो, ग्रामसभेचे ठराव मागता येतात. बातमी अशा कागदावर उभी राहिली की "तुम्हाला कुणी सांगितलं" या प्रश्नात दमच राहत नाही.

नसेल तर माहिती अधिकार. फी १० रुपये. कर्नाटकच्या नियमानं अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, लांबलचक लिहिलात की परत येतो. आणि कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं आहे, त्यामुळं इथं अर्ज मराठीत न देता कन्नड किंवा इंग्रजीत द्या, यावर कितीही वाईट वाटलं तरी अर्ज फेटाळायला निमित्त द्यायचं नाही. उत्तराला ३० दिवस.

यातला सापळा असा: सूत्रानं सांगितलेला फाइल नंबर अर्जात जसाच्या तसा घालू नका. तो नंबर बाहेरच्याला माहीत असायचं कारणच नाही, अर्ज टेबलावर पडला की साहेब विचारणार, हिला हा नंबर दिला कुणी. "अमुक तालुक्यात अमुक वर्षात मंजूर झालेल्या सगळ्या रस्त्यांची बिलं आणि मोजमाप पुस्तकाच्या प्रती" असं मोठं जाळं टाका, हवा तो मासा त्यात येतोच. अर्ज सूत्राच्या भावाच्या, मेहुण्याच्या नावानं पण नको.

दुसरा रस्ता तुमच्यासाठीही लागतो. बदनामीचा खटला (भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६) झाला तर बातमी खरी होती हे तुम्हाला दाखवावं लागतं, आणि ज्याचं नाव तुम्ही सांगणार नाही त्याला साक्षीला उभं करता येत नाही. नुसत्या "विश्वसनीय सूत्रांवर" कुणाला चोर म्हणून छापलंत तर सुटका अवघड.

६. लिहिताना

"पंचायतीतल्या एका मराठी भाषिक सदस्यानं सांगितलं." आता त्या पंचायतीत मराठी सदस्य दोनच असले तर? नाव छापल्यासारखंच आहे. लिहिण्याआधी मोजा, या वर्णनात बसणारे एकूण किती लोक आहेत. पाचदहापेक्षा कमी निघाले तर वर्णन सैल करा: "पंचायतीशी संबंधित एका व्यक्तीनं", "तालुक्यातल्या एका कर्मचाऱ्यानं".

मराठीत क्रियापदच चहाडी करतं. "म्हणाली" लिहिलं आणि त्या ऑफिसात बाई एकच असली की संपलं. "सूत्रांनी सांगितलं", "एका व्यक्तीच्या म्हणण्यानुसार" अशी वाक्यरचना करा. पण बाईला "म्हणाला" करून पुरुष बनवू नका, गाळलेलं चालतं, खोटं लिहिलेलं चालत नाही.

बोलीचंही तसंच. खानापूर जांबोटीकडचा माणूस वेगळं बोलतो, निपाणीचा वेगळं, बेळगाव शहरातला "काय करूलालास" म्हणतो. अवतरणात त्याची लकब ठेवलीत तर वाचणारा आवाजावरून ओळखतो. एखाद्याची "असं बघा" म्हणायची सवय सगळ्या खात्याला माहीत असते. प्रमाण मराठीत, आशय सांगून लिहा.

यूट्यूबवाल्यांना खास: नुसता चेहरा ब्लर करून आणि आवाज बदलून भागत नाही. शर्ट, अंगठी, मागची भिंत, बोलताना हलणारे हात, घरच्यांना एवढं पुरतं. सूत्राला कॅमेऱ्यासमोर आणूच नका, तुम्ही सांगा.

वेळ पण बघा. फाइल सोमवारी सूत्राच्या टेबलावर आली आणि बुधवारी बातमी आली तर बोट कुणाकडं जाणार? थोडं थांबा, फाइल अजून दोन टेबलं पुढं जाऊदे. बातमी दुसऱ्यानं आधी दिली तर देऊदे.

७. आपल्याच ऑफिसात

तालुका वार्ताहराला बातम्यांबरोबर जाहिराती पण आणाव्या लागतात हे सगळ्यांना माहीत आहे. वर्धापनदिनाच्या पुरवणीला पान देणारा ठेकेदार आणि तुमच्या बातमीतला ठेकेदार एकच असू शकतो, आणि मग जाहिरात विभागातून अगदी प्रेमानं विचारणा होते, "अगं, हे तुला दिलं कुणी?" उत्तर एकच ठेवा, कुणालाच सांगत नाही. संपादक सोडून दुसऱ्या कुणाला नाव कळायचं कारण नाही, डेस्कला नाही, फोटोग्राफरला नाही, घरीही नाही.

बातमीच्या फाइलला सूत्राचं नाव देऊ नका, ऑफिसच्या मेलवर कागद मागवू नका. आणि आपल्याकडं बातमीदार एकमेकांत बातम्या वाटून घेतात त्या ग्रुपवर कच्चा कागद कधीच टाकू नका, तो ग्रुप कुणाकुणाच्या हातात आहे याचा पत्ता लागत नाही.

८. नोटीस आली, किंवा पोलीस दारात आले

घाबरू नका, पण तिथल्या तिथं काही बोलूही नका. पहिला फोन वकिलाला.

साक्षीदार म्हणून बोलावणं असेल तर ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी हवं. "स्टेशनला येऊन जावा जरा" असा फोन म्हणजे नोटीस नव्हे, नम्रपणे लेखी मागा. महिलांना, १५ च्या आतल्या आणि ६० च्या वरच्या पुरुषांना राहत्या घराशिवाय दुसरीकडं बोलावता येत नाही. कागद किंवा फोन हजर करा असा आदेश कलम ९४ खाली येतो, यात इलेक्ट्रॉनिक मेसेज आणि उपकरणं पण येतात. नोटीस कन्नडमधे असते, कलम कुठलं, तुम्ही साक्षीदार की आरोपी, हे नीट वाचून घेतल्याशिवाय पोच सोडून कशावरही सही नको. आणि पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, कलम १८१ तसं सांगतं.

फोन जप्त करायला आले तर जप्तीच्या यादीची प्रत मागा, कलम १०५ प्रमाणे झडतीचं आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग व्हायला हवं ते होतंय का बघा. पासकोडचं विचारलं तर वकील येईपर्यंत थांबायला सांगा. २०२१ मधे वीरेंद्र खन्ना प्रकरणात आपल्या कर्नाटक हायकोर्टानं म्हटलं की पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष होत नाही, म्हणजे ते पूर्ण आपल्या बाजूनं नाही, पण त्याच निकालात एरवी फोन उघडून बघायला सर्च वॉरंट लागतं असंही आहे. बेळगाव जिल्हा धारवाड खंडपीठाखाली येतो, तेव्हा धारवाडला जाणारा वकील माहीत असलेला बरा.

आता सगळ्यात वाईट सापळा. नोटीस आल्यावर घाबरून चॅट पुसायची नाही, वही जाळायची नाही. पुरावा म्हणून लागणारा कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली वेगळा गुन्हा आहे. साफसफाई रोजची सवय म्हणून करायची, कुठलीही चौकशी नसताना. लागत नाही ते ठेवायचंच नाही. आणि खोटं सांगू नका, "मला माहीत नाही", "पोस्टानं निनावी आलं" असलं काही नको. "व्यावसायिक जबाबदारी म्हणून मी सूत्राचं नाव सांगू शकत नाही" हे एक वाक्य पाठ करा आणि तेवढंच म्हणा.

९. छापून आल्यावर

त्या दिवशी सूत्राला फोन करू नका, मेसेज नाही, लिंक नाही. त्यांनाही आधीच सांगून ठेवा की बातमी स्टेटसला ठेवायची नाही, ऑफिसात कुणी वाचून दाखवली तर पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायचं.

मग खात्यात शोधाशोध सुरू होते आणि संशय बऱ्याचदा भलत्यावरच जातो. तो बिचारा तुमच्याकडं येतो, "मॅडम, मी दिलं नाही एवढं तरी साहेबांना सांगा." फार जीवावर येतं. पण एकाला "हा नव्हे" म्हटलंत की दुसरा येतो, तिसरा येतो, आणि शेवटी ज्याच्याबद्दल तुम्ही गप्प राहता तोच उरतो. म्हणून सगळ्यांना एकच उत्तर, होही नाही, नाहीही नाही. त्या निर्दोष माणसावर खरंच कारवाई व्हायला लागली तर सूत्राशी बोला, काय करायचं ते त्यांना ठरवूदे, संपादकाला सांगा, खातं कर्मचाऱ्यांना छळतंय ही स्वतंत्र बातमी करता येते का बघा.

नोकरी सोडताना वही तुमच्याबरोबर जाते, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काही राहिलंय का ते शेवटच्या दिवसाच्या आधीच बघा. नवीन येणाऱ्या वार्ताहराला सूत्रं "सोपवायची" नाहीत, हवं तर सूत्राला विचारून त्याची ओळख करून द्या.

सूत्र निवृत्त झालं म्हणून आपण मोकळे होत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणातलं सूत्र मार्क फेल्ट यांचं नाव बातमीदारांनी १९७२ पासून २००५ पर्यंत पाळलं, फेल्ट यांनी स्वतः उघड केल्यावरच त्यांनी दुजोरा दिला. आपल्याकडं तर निवृत्तीनंतरही खात्याची चौकशी लागून पेन्शन अडकू शकते. कधी त्यांनी स्वतःच म्हटलं "आता लिही गं माझं नाव", तर कुठल्या बातमीसाठी, किती सांगायचं, हे परत बसून विचारून घ्या, आणि घरच्यांना चालणार आहे का तेही विचारा, कारण मुलगा नाहीतर सून बऱ्याचदा त्याच खात्यात नोकरीला असते.